पावणेपाचची चढती गाडी

१

मास्तरांचं जेवण साडेबाराला, डुलकी एकला, आणि तीनच्या ठोक्याला ते आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर हजर. अडीच वर्षांत या वेळापत्रकात एका मिनिटाची गफलत नाही. सदतीस वर्षं स्टेशन मास्तरकी केलेला माणूस तो. स्वतःच्या ढेकरालासुद्धा लेट होऊ द्यायचा नाही, असं त्यांची बायकोच हसत सांगायची.

या बायकोला इमारतीतल्या बाया पाठीमागं ‘धाकटी’ म्हणत, कारण ती दुसरी. पहिली, म्हणजे थोरली, अठ्ठावीस वर्षांपूर्वी डोंगरावरच्या एका स्टेशनच्या क्वार्टरमध्ये गेली. दरड कोसळून आठ दिवस लाईन बंद होती, पाऊस थांबत नव्हता, आणि खाली डॉक्टरकडे न्यायला गाडी नव्हती. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. आणि ही चौपन्नची. एकतीसची ती थोरली आणि चौपन्नची ही धाकटी, हे गणित कुणालाच सुटायचं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिच्या कानावर आलं तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच हसली. मात्र अशी हसून गिळलेली गोष्ट पचत नाही, नुसती खाली जाऊन बसते.

धाकटीचं आयुष्य कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात लोकांचे कपडे ठाकठीक करण्यात गेलेलं. पँट आखूड कर, कोटाचं अस्तर बदल, बिघडलेली चेन उसव, नवी बसव. लग्नाचं वय शिलाई मशीनच्या पायट्याखालून कधी निघून गेलं ते तिला कळलं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी मास्तर कोटाचं बटण लावून घ्यायला आले, आणि पंधरवड्यात तेच बटण तीनदा तोडून परत आले, तेव्हा मात्र ताबडतोब कळलं. “अहो, दोरा संपला माझा, आता एकदाच काय ते बोला,” असं तिनंच म्हटलं होतं.

तर दुपारी तीन ते पाच मास्तर खेळ खेळत. कॉम्प्युटरवर एक भलामोठा डोंगराळ मुलूख होता आणि त्यात त्यांनी आगगाडीचं जाळं विणलं होतं. खाली जंक्शन, शेजारी लाकडाचा कारखाना, पलीकडे दगडाची खाण. डोंगर चढायला गाडी स्वतःच्याच शेपटीवरून वळसा घेऊन जाई. जिथं चढ फारच उभा तिथं दोन रुळांच्या मधे तिसरा दातेरी रूळ, त्यात इंजिनाचं चाक अडकून वर जाई. खेळातलं घड्याळ त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून ठेवलं होतं.

धाकटी दुकानातली हातशिलाई घरी आणून शेजारच्या स्टुलावर बसायची. एखाद्या पँटची तुरपाई संपेपर्यंत एक बोगदा तयार व्हायचा.

“चाळीस फुटाला एक फूट, यापेक्षा जास्त चढ द्यायचा नाही,” मास्तर सांगत. “इंजिनाला दम लागतो.”

“आणि मला जिना चढताना लागतो त्याचं काय?”

“तुझ्यासाठी दातेरी रूळ टाकू.”

अशी त्यांची थट्टा चालायची. इतर बायकांचे नवरे रिटायर झाल्यावर कट्ट्यावर जातात, पेपर पाठ करतात, स्वयंपाकघरात येऊन डब्यांची जागा बदलतात. त्या मानानं आपलं बरं चाललंय, असं तिला वाटे.

पावणेपाच वाजेपर्यंत वाटे.

२

पावणेपाचला एक गाडी सुटायची. एका डब्याची, डब्यातच पुढच्या बाजूला इंजिन बसवलेली, लहानशी. जंक्शनच्या अगदी कडेच्या फलाटावरून निघायची आणि सगळा डोंगर चढून शिखराजवळच्या एका स्टेशनात जायची. त्या स्टेशनाला मास्तर ‘वरचं’ एवढंच म्हणत.

धाकटीला शिवणकामाची नजर. कुठं कापड फुकट गेलंय ते तिला लांबून दिसे. तिला पहिल्यांदा खटकलं ते हेच, की वरच्या स्टेशनाजवळ काहीच नव्हतं. ना गाव, ना खाण, ना झाडतोड. एक फलाट आणि मागं एक खोली. एवढ्यासाठी तीन बोगदे, दोन पूल आणि दातेरी रूळ?

“अहो, ही गाडी कुणासाठी?”

“चालू द्यावी लागते.”

“पण बाकीच्या गाड्या आपसूक सुटतात. हिला तुम्ही सिग्नल देता.”

“हं,” मास्तर म्हणाले आणि माऊस पुढं सरकवला.

खरंच, बाकीचं जाळं खेळ आपणहून चालवायचा. ही एकच गाडी मास्तर हातानं सोडायचे. पाठ ताठ करून बसत, फलाट अगदी जवळ आणत, कुणी चढलं की एक बोट उचलून हिरवा सिग्नल देत. मग गाडीच्या मागोमाग जात, पहिला बोगदा, पूल, दुसरा बोगदा. चहा ठेवला तर त्यावर साय धरायची. गाडी शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडून वरच्या स्टेशनात थांबली, दार उघडून मिटलं, की ते नाकातून लांब श्वास सोडत, कॉम्प्युटर बंद करत आणि वळून म्हणत, “काय गं, आज चहा नाही का?”

ती वीस मिनिटं मास्तर कुणाचे असत कुणास ठाऊक. धाकटीचे नसत एवढं नक्की.

आणि एक. त्या वीस मिनिटांत खोलीत गारवा यायचा. खिडकी बंद असली तरी. ओलं धुणं घरात वाळत घातल्यावर येतो तसा, कुबट, मातकट. तिनं एकदा भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती.

३

खेळातल्या कुठल्याही माणसावर टिचकी मारली की एक चौकट उघडते आणि त्याची माहिती येते, हे मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. तिला तो चाळाच लागला. लाकडाच्या कारखान्यात जाणारी एक बाई रोज गाडी चुकवायची, आणि एक म्हातारा कामाशिवाय सगळ्या गाड्यांमधून हिंडायचा. “हा आपल्या तिसऱ्या मजल्यावरचाच,” म्हणून ती खूप हसली होती.

एके दिवशी साडेचारच्या सुमाराला मास्तर मोरीत गेले. कडेच्या फलाटावर एकच प्रवासी उभा होता. धाकटीनं सुई दातात धरली आणि टिचकी मारली.

नाव. वय एकतीस. राहणार, वरचं स्टेशन. गाडीची वाट बघत आहे.

ते नाव तिनं लग्नाच्या कागदांवर एकदा वाचलं होतं आणि त्यानंतर या घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. मास्तरांनी नाही, तिनं तर नाहीच. कपाटाच्या वरच्या खणात एक फोटो पालथा ठेवलेला होता, तोही कधी सुलटा झाला नव्हता. आणि इथं तेच नाव, ठळक अक्षरात, उजेडात.

तिनं चौकट मिटली आणि सुई कापडात घातली. सुई बोटात गेली.

तिनं स्वतःची समजूत घातली. त्यात काय? खेळात नावं बदलता येतात. म्हाताऱ्या माणसानं आठवण म्हणून एका बाहुलीला नाव दिलं, बिघडलं कुठं? जित्या सवतीशी झिंज्या उपटून भांडता येतं. मेलेलीशी काय भांडायचं? तिच्या तर झिंज्याही पिकत नाहीत.

तरी पुढचे चार दिवस ती एकच काम करत राहिली. मास्तर जागेवर नसले की सगळा नकाशा धुंडाळायची. इंजिनांना नावं होती, पुलांना होती, खाणीलाही होतं. तिचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. साध्या मालगाडीलासुद्धा नाही.

पाचव्या दिवशी तिनं हसतहसत विचारलं, “माझ्या नावाचं एखादं स्टेशन करा की.”

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं विहिरीत उडी मारू का असं विचारलंय.

“तुला कशाला? तू इथं आहेस.”

प्रेमानं म्हणाले असतील. पण मत्सर करणाऱ्या माणसाचे कान वेगळेच असतात. तिनं त्यातलं एवढंच ऐकलं, की तुला कशाला.

४

समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईला सगळे ‘समोरची’ म्हणत. मनानं लोण्यासारखी, पण दाराच्या भोकाला डोळा लावायची सवय. जिन्यात कोण आलं, हातात काय होतं, चेहरा कसा होता, सगळं तिला पाठ. तिचंच म्हणणं होतं की इमारतीत कॅमेरा बसवायची गरज नाही, फक्त तिला वेळेवर चहा द्यावा.

एका सकाळी तिनं धाकटीला जिन्यातच धरलं.

“वहिनी, राग नका मानू हं. तुमच्याकडे दुपारची कुणी पाहुणी येते का?”

“कोण येणार? आमच्याकडे तर मांजरही येत नाही.”

“नाही, चारनंतर कुणीतरी जिना चढतं हो. बाईमाणसाची पावलं. हळू. दमल्यासारखी. मी आपली डोळा लावून उभी, म्हटलं बघू कुणाकडे चाललीय. तर मधल्या वळणापर्यंत येते आणि थांबते. वर येतच नाही! पावणेपाच झाले की मग काही नाही.”

“खाली उतरून जात असेल.”

“उतरल्याचा आवाज नको का यायला? मी काय कान भाड्यानं दिलेत?” समोरची आणखी जवळ सरकली. “आणि गेल्या महिन्यापर्यंत ती पहिल्या मजल्यावरच थांबायची. मी पैजेवर सांगते. आता मधल्या वळणापर्यंत येते.”

“फरशी पुसणारी असेल.”

“तेच म्हणते मी. ओलं असतं तिथं. पण पुसणारीनं लाल माती कशाला आणावी?”

धाकटी हसली. म्हणाली, “वहिनी, तुमच्या दाराचं भोक बुजवून घ्या, डोळ्याला वारा लागतो.” पण खाली उतरताना मधल्या वळणावर तिनं पाय उचलून टाकला, आणि का ते तिला सांगता आलं नसतं. तिच्या डोक्यात त्या वेळी जिन्यातली बाई नव्हतीच. पावणेपाचची होती.

कारण तिनं आता सगळं बेरजेला धरलं होतं. ती खाली जंक्शनला असते. म्हणजे ती दुपारभर खाली येऊन राहते. मास्तर तीन वाजल्यापासून तिच्या सोबत असतात, आणि आपण शेजारी बसून तुरपाई करतो. पावणेपाचला ते तिला गाडीत बसवून देतात, डोळ्याआड होईपर्यंत बघत राहतात. उद्या पुन्हा येशील ना, असं. नवराबायको फलाटावर निरोप घेतात तसं.

आपल्याला त्यांनी कधी कुठं सोडायला यावं, असं कुठं गेलोच नाही आपण.

५

मास्तरांची डोळे तपासायची तारीख लागली. दुपारी दोनची. डोळ्यांत थेंब घालणार, वेळ लागणार. नेमकी दुपार, म्हणून ते दोन दिवस अस्वस्थ होते. तारीख बदलायला गेले, तर दवाखाना थेट पुढच्या महिन्यातली देत होता, म्हणून तीच ठेवली.

निघताना त्यांनी तिला खुर्चीत बसवलं.

“मी चारपर्यंत येतोच. पण समज नाही आलो, तर तू गाडी सोडायची.”

“मी?”

“सोपं आहे. ती फलाटावर उभी असेल. दार उघडलं की चढते. चढली हे बघायचं, मगच हिरवा द्यायचा. एवढंच. दुसऱ्या कशाला हात लावू नकोस.”

‘ती’ म्हणाले. प्रवासी नाही म्हणाले. “एक दिवस नाही सुटली गाडी तर काय आकाश कोसळतं?” तिनं विचारलं.

मास्तर कोट घालता घालता थांबले. “सोडशील ना? कबूल कर.”

इतक्या काकुळतीनं त्यांनी तिला लग्नाचंही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “सोडते हो.”

चार वाजले. सव्वाचार, साडेचार. मास्तर आले नाहीत. घरात इतकी शांतता की भिंतीवरचं घड्याळ खोलीत पाय आपटत फिरतंय असं वाटावं. गारवा आला. ओल्या मातीचा वास आला. कडेच्या फलाटावर ती उभी होती. धाकटीनं टिचकी मारून चौकट उघडली, गाडीची वाट बघत आहे. एवढीशी, नखाएवढी. बाकीचे प्रवासी इकडून तिकडे सरकत, माना हलवत. ही हलत नव्हती. तोंड गाडीकडे नव्हतं. रुळांकडे पाठ करून ती पडद्याच्या बाहेर बघत होती.

खेळातली बाहुली, कुठंतरी बघणारच, धाकटीनं मनाशी म्हटलं. तोंड असलं म्हणजे ते कुठल्यातरी दिशेला असणारच.

गाडीचं दार उघडलं. ती चढायला वळली.

आणि त्या वळण्यात काहीतरी होतं. मान वाकवण्यात, पाठ फिरवण्यात. रोजच्या सवयीचं, हक्काचं. ज्या बाईला घरी सोडायला कुणीतरी रोज येतं, तिचं.

धाकटीनं हिरवा दिला नाही. तिनं बुलडोझरचं चित्र दाबलं. शिवण उसवायची तर मधूनच टाका कापावा लागतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आधी पूल गेला. मग दातेरी रूळ, मग बोगदे, एकामागून एक, आणि शेवटी वरचं स्टेशन, फलाट, मागची खोली. तिथं नुसता डोंगर राहिला. गाडी एकटीच, दार मिटून. आता ये म्हणावं उद्या. कशानं येतेस बघू.

मग तिनं सेव्ह केलं. मास्तरांचाच धडा होता तो. सेव्ह केल्याशिवाय उठायचं नाही, आणि जुनी प्रत ठेवायची नाही. सुटलेली गाडी परत मागं बोलावता येत नाही, म्हणायचे.

तिनं एकदाच फलाटाकडे पाहिलं. चौकट अजून उघडी होती. तिच्यातली ओळ बदलली होती.

चालत आहे.

६

मास्तर आले ते सव्वापाचला. समोरचीनं जिन्यात त्यांचा दंड धरून वर आणलं होतं. डोळ्यांत थेंब घातलेले, वरून दवाखान्यानं दिलेला काळा पुठ्ठ्याचा चष्मा, हात पुढं करून चाचपडत.

“वहिनी, घ्या तुमचे सूरदास,” समोरची म्हणाली. “आणि सांभाळा हो, मधल्या वळणापासून दारापर्यंत नुसतं निसरडं झालंय आज. मी घसरले असते.” दार ओढून घेऊन गेली.

मास्तर आतल्या खोलीत आले, दाराजवळच्या कॉटवर बसले. “सोडलीस गाडी?”

धाकटीनं पडद्याला पाठ केली.

“अगं, चढली ना? हिरवा दिलास ना?”

“नाही दिला. रूळ काढून टाकले मी. सगळे. स्टेशनपण.” आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबवता येईना. “अडीच वर्षं बघतेय मी. रोज तिला आणता, रोज तिला पोचवता. मी काय दारातलं पायपुसणं आहे? मेली ना ती? मग मरू द्या ना तिला एकदाची!”

तिला वाटलं मास्तर ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी तो काळा चष्मा काढून हातात धरला आणि तांबड्या डोळ्यांनी ती असेल तिकडे अंदाजानं बघत राहिले.

“ती गाडी तिला आणत नव्हती गं,” ते म्हणाले. “नेत होती.”

“म्हणजे?”

“खाली ती चालत येते. पायवाट मी दहादा मोडली. डोंगर उभा कापून बघितला. तरी येते. रिटायर झालो तेव्हा आठवण म्हणून मी ते एक स्टेशन बांधलं होतं फक्त. रूळसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी फलाटावर ती उभी. तिसऱ्या दिवशी निघालेली. तेव्हा, दरड कोसळली होती तेव्हा, आठ दिवस खाली जाऊ द्या म्हणत होती. मी म्हणालो होतो, लाईन मिळू दे, लाईन मिळू दे.” त्यांनी पुठ्ठ्याच्या चष्म्याची काडी दुमडली, उघडली. “चालत खाली येते, पण गाडीचं दार उघडं दिसलं की चढते. एवढीच तिची खोड. म्हणून रूळ टाकले. परत पाठवायला. बाकीचं जंक्शन, खाण, कारखाना, ते सगळं नंतरचं. तुला खेळ वाटावा म्हणून.”

“खाली म्हणजे कुठं येते?”

मास्तरांनी दाराच्या दिशेनं कान दिला. “बस खुर्चीत,” म्हणाले. “मला काही दिसत नाही. मी सांगतो, तू टाक रूळ. लवकर.”

मग ते कॉटवर आडवे झाले, उजेड सोसवेना म्हणून ओला रुमाल डोळ्यांवर घेतला, आणि तिथूनच सांगू लागले. जंक्शनपासून डावीकडे. पहिलं वळण मोठं घे. चढ बघ, चाळीसाला एक. हात तिचे कसबी होते. उसवलेली शिवण पुन्हा त्याच भोकांतून घालावी तशी ती रूळ घालत गेली. पूल, बोगदा, दातेरी, पुन्हा बोगदा. वरचं स्टेशन. फलाट. मागची खोली.

“झालं.”

“गाडी कडेच्या फलाटाला घे. दार उघड.”

दार उघडलं. फलाट रिकामा होता. तिनं जंक्शन पाहिलं, कारखान्याचा रस्ता पाहिला, सगळा डोंगर पाहिला. नखाएवढी ती कुठंच नव्हती. चौकट मात्र कोपऱ्यात होती, आणि तिच्यातली ओळ परत बदलली होती.

पोहोचली.

७

“बसली?” मास्तरांनी कॉटवरून विचारलं.

खिडकीबाहेर संध्याकाळचं पिवळं ऊन होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. इतकं सगळं नेहमीसारखं होतं. धाकटीला वाटलं, नाही म्हटलं तर हे आता उठतील, आंधळ्यासारखे घरभर तिला शोधतील, तिच्या नावानं हाका मारतील. ते नाव तिला या घरात ऐकायचं नव्हतं. आज तर नाहीच.

“बसली,” ती म्हणाली. “गेली गाडी.”

तिनं हिरवा दिला. रिकामा डबा डोंगर चढू लागला.

कॉटवर मास्तरांनी नाकातून लांब श्वास सोडला. धाकटी पडद्याकडे बघत होती. पहिला बोगदा, पूल. मागं कॉट करकरली. कुशीवर वळले असतील, तिला वाटलं.

“आलीस?” मास्तर हळूच म्हणाले. “बस. बस अशी जवळ.”

धाकटी खुर्चीतच होती. तिचा एक हात माऊसवर होता, दुसरा मांडीवर.

“किती गार पडलेत गं हात तुझे. घाबरलीस ना? माझंच चुकलं. तुला आधीच सांगायला हवं होतं.”

दुसरा बोगदा. तिला मान वळवता येईना. मातीचा वास इतका दाट झाला होता की तो तोंडात लागत होता.

“तुझं म्हणणं बरोबर आहे,” मास्तर बोलत होते, रुमालाखाली डोळे मिटून, सावकाश, कधी नव्हे इतकं मोकळं. “तुझ्याशेजारी बसून मी दुसरीचीच काळजी करत बसलो. तिच्याबरोबर मी सहा वर्षं काढली, पण सुख म्हणून जे असतं ते मला तुझ्याकडे आल्यावर कळलं. ते बटण काय उगाच तोडत होतो? बोलायला जमत नाही मला, म्हणून कधी म्हणालो नाही. तूच माझं माणूस आहेस. आता कुणाची गाडी नको, काही नको. आपण दोघंच.”

अडीच वर्षं धाकटी याच शब्दांची वाट बघत होती. एकेक शब्द तिच्या मापानं बेतलेला होता, कुठं सैल नाही, कुठं घट्ट नाही. आणि तो अंगात दुसरीच कुणी घालत होती.

तिनं मान वळवली. पुरती नाही, खांद्यापर्यंत.

मास्तर उताणे होते, डोळ्यांवर रुमाल. त्यांचे दोन्ही हात छातीवर कशाभोवती तरी जपून मिटलेले. कॉटच्या कडेला चादर दबून काळी ओली झाली होती, आणि त्यांच्या तोंडाशी एक मान वाकलेली होती, ऐकत. एकही सुरकुती नसलेली, कोवळी मान.

“बोल ना काहीतरी,” मास्तर म्हणाले. “राहशील ना माझ्यापाशी?”

धाकटीनं तोंड उघडलं. पण तिच्या आधीच कॉटवरून कुणीतरी “हो” म्हणालं होतं.